आईला कर्करोगाचे निदान झाले. तिच्याशी कसे बोलावे?

प्रश्न (दादर): गेल्या आठवड्यात आईच्या बायोप्सीचा अहवाल आला आणि डॉक्टरांनी तिच्याकडे न पाहता, दारात उभ्या-उभ्याच तो मला सांगितला, तेव्हापासून ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत गप्प बसून असते. मी काय बोलावे?

उत्तर १: तिला किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी तिलाच विचारावे. वाईट बातमी सांगण्यासाठी २००० साली मांडलेल्या ‘स्पाइक्स’ या सहा टप्प्यांच्या पद्धतीत हा स्वतंत्र टप्पा आहे, आणि आपल्याकडे घरचे लोक प्रेमापोटी नेमका तोच गाळतात. ‘काही होत नाही’ असे मात्र म्हणू नये. त्याने माणूस अधिकच एकटा पडतो.

उत्तर २: माझ्या निदानाच्या वेळी ‘कर्करोग’ या शब्दापुढचे मला काहीच ऐकू आले नव्हते, म्हणून पुढच्या भेटीत बहिणीने सारे वहीत उतरवून घेतले. परळहून लोकलने परतताना तिने एक शब्दही न बोलता माझा हात धरून ठेवला होता. मला तेवढेच हवे होते.

उत्तर ३: मनाचा त्रास शून्य ते दहा या पट्टीवर मोजतात, चार किंवा अधिक आल्यास समुपदेशकाची भेट अवश्य मागावी.