भावातला फरक खरा होता, तरी माझा तोटा का झाला?

मल्हारगंजकर:
नमस्कार मंडळी, इंदूरहून विचारतोय, तीन आठवडे झाले हे डोक्यातून जातच नाहीये. एका शेअरचा कॅशमध्ये भाव १५००, महिनाअखेरचं फ्यूचर (त्या तारखेचा वायदा) १५१२, लॉट म्हणजे एका सौद्यातले शेअर ५००. साडेसात लाखांचे शेअर घेतले आणि तेवढंच फ्यूचर विकलं, म्हटलं एक्स्पायरीला, म्हणजे वायदा संपतो त्या दिवशी, दोन्ही भाव एक होणारच, एसटीटी (सौद्यावरचा कर) आणि ब्रोकरेज जाऊन चारेक हजार सुटतील. चार दिवसांत फ्यूचर १६०० ला, एमटीएममध्ये (रोजच्या भावाने होणाऱ्या हिशेबात) ४४ हजार गेले, मार्जिन म्हणजे सौद्याची अनामत भरून माझ्याकडे तीसच हजार मोकळे होते. दुपारी पैसे भरा म्हणून मेसेज आला, मी ऑफिसात अडकलेलो, तेवढ्यात ब्रोकरने फ्यूचर कापलं, म्हणजे परत घेऊन सौदा तोट्यात बंद केला. आता शेअर परत १५२० ला. शेअरमध्ये दहा हजार वर पण फ्यूचरचे ४४ गेलेले, म्हणजे ३४ हजारांचा फटका. गणित तर बरोबर होतं ना?

छावणी मंडी:
गणित बरोबरच होतं दादा, पैसा कमी पडला. शेअर वाढला तो फायदा कागदावर राहतो, फ्यूचरचा तोटा मात्र रोज संध्याकाळी रोख मोजावा लागतो. आमच्या घरी सोयाबीनचा धंदा, सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये वायदे थांबवले त्याआधी बाबा हेच करायचे, आवक जोरात असताना मंडीत हाजिर माल घ्यायचा, पुढचा वायदा विकायचा, पोती गोदामात. वायदा चढला की दलालाचा फोन, आणि पोती तर लगेच विकता येत नाहीत, त्यात ओल जास्त निघाली तर डिलिव्हरीला माल नापास. ज्यांची बँकेत मोठी सीसी लिमिट (उधार उचलायची मर्यादा) होती तेच शेवटपर्यंत टिकायचे, बाकीच्यांना मध्येच सौदा तोडावा लागायचा, आणि असे पाच-सात जण एकदम वायदा परत घ्यायला धावले की तो आणखी वर जायचा, फरक मिटायचा सोडून वाढायचाच.

तुकोगंज:
हो अगदी, आणि हे मोठ्यांचंही झालंय. एलटीसीएम नावाचा अमेरिकन फंड होता, नोबेल मिळालेले मर्टन आणि शोल्स त्यात भागीदार. रॉयल डच आणि शेल या जोड कंपन्या, नफ्याची वाटणी ६०:४० ठरलेली, तरी शेअरचे भाव त्या प्रमाणात नसायचे. फंडाने स्वस्त घेतला, महाग विकला. स्वतःच्या १ डॉलरमागे २५ च्या आसपास उधारीचे. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने कर्ज बुडवलं, सगळे एकाच दाराने बाहेर पळाले, फरक आणखी रुंदावला आणि यांना तोट्यात निघावं लागलं. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क फेडने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा भाग) मध्यस्थी केली आणि १४ वित्तसंस्थांनी मिळून ३.६ अब्ज डॉलर घातले. त्या दोन कंपन्या २००५ मध्ये एक झाल्या तेव्हा कुठे तो फरक कायमचा गेला.

मल्हारगंजकर:
घेतलेले शेअर प्लेज केले असते, म्हणजे ब्रोकरकडे तारण ठेवले असते, तर वाचलो असतो का?

छावणी मंडी:
मार्जिनचा काही भाग निघाला असता, तोही हेअरकट (तारणाच्या किमतीतली कपात) जाऊन. एमटीएम रोखच लागतो. साडेसात लाखांच्या सौद्याला मी निदान दीड लाख मोकळे ठेवतो, आणि तेवढे नसतील तर सौदा करतच नाही.