पुण्यात नुसता काळा दगड? अहो थांबा जरा

कुणी म्हणतं की जिऑलॉजी, म्हणजे भूशास्त्र, शिकायला पुण्यात आहेच काय, जिकडे बघावं तिकडे एकच काळा दगड. एफवायला मलाही अगदी हेच वाटायचं. मग फील्डला सरांनी घाटात थांबवून दोन काळ्या थरांमधला लाल पट्टा दाखवला, बोट लावलं तर विटेची भुकटी लागावी तसा रंग, आणि सर म्हणाले, ही दोन लाव्हांच्या मधल्या सुट्टीत तयार झालेली माती! या लाल थरांमधले झिरकॉन या खनिजाचे बारीक स्फटिक वेचून, त्यांचं वय मोजून सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे उद्रेक किती वेगाने झाले त्याचा हिशोब लावतायत लोक, कारण डायनासोर नेमके त्याच सुमारास संपले ना. ते कशाने संपले, उल्का की लाव्हा, भांडण अजून चालूच.

वाघोलीच्या खाणीतलं कॅव्हनसाइट हे निळंशार खनिज तर जगभरचे कलेक्टर शोधत असतात, आपण मात्र तिथे फ्लॅटचे रेट विचारतो :)

आणि कोयना विसरलात का? 1967 च्या भूकंपानंतर आजही तिथे धक्के बसतायत, म्हणून त्यांचा अभ्यास करायला 3 किमी खोल बोअर घेतलंय, वरचा बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा दगड, पार करून खालच्या ग्रॅनाइटमध्ये खोलवर.

नोकरीचं म्हणाल तर भूजल बघा, भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे. फक्त आमच्या कॉलेजसारखं चौघांत एक मायक्रोस्कोप असेल तर अॅडमिशनआधी लॅब बघून या.