शेवटचे दहा मीटर : नाशिक परिसरातील जिओकॅशिंगचे अनपेक्षित अनुभव

नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांत जिओकॅशिंग करणारी माणसे थोडी आहेत. पण त्यांच्यापैकी जो कोणी भेटतो, त्याच्याजवळ डबा सापडल्याच्या आनंदापलीकडचे काहीतरी सांगण्यासारखे असते. ते एका ठिकाणी यावे, यासाठी हा अनुभव धागा काढत आहे.

ज्यांना हा खेळ नवा आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोणीतरी एक डबा, म्हणजेच ‘कॅश’, लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. इतरांनी जीपीएसच्या आधारे तो शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. आतली एखादी वस्तू घेतली, तर तितक्याच किंवा अधिक मोलाची दुसरी ठेवायची. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली त्रुटी २ मे २००० रोजी काढून टाकली, तेव्हा तोवर शंभरेक मीटरपर्यंत चुकणारी यंत्रे एकाएकी कितीतरी अचूक झाली. आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवून तिचे स्थान जाहीर केले. त्या बादलीत पुस्तके होती, गलोल होती आणि खाण्याचा एक डबाही होता. आज खाद्यपदार्थ ठेवण्यास मनाई आहे, कारण वासाने जनावरे येतात.

उघड्या आकाशाखाली साधा मोबाइल आपल्याला पाच-दहा मीटरपर्यंत नेतो आणि तिथे त्याचे काम संपते. पुढचे काम डोळ्यांचे आणि हातांचे. या खेळातल्या चमत्कारिक गोष्टी बहुधा त्याच शेवटच्या दहा मीटरांत घडतात, असे माझे मत आहे. कारण एरवी जिथे कोणीही परका थांबणार नाही, तिथे आपण वाकून दगड निरखत बराच वेळ रेंगाळतो, आणि ती जागा ज्यांची आहे त्या माणसांच्या, जनावरांच्या नजरेत येतो. तुमच्या बाबतीत तिथे काय घडले, ते लिहावे. डब्याची नेमकी जागा आणि भेटलेल्या माणसांची नावे मात्र लिहू नयेत.

सुरुवात माझ्यापासून करतो. इतरांचे प्रतिसाद त्याखाली, त्यांच्या ठिकाणाच्या नावाने आहेत.

त्र्यंबक रस्त्यापासून आत असलेल्या एका गावाच्या शिवारात, दगडी बांधात ठेवलेला डबा मी शोधत होतो. बांधापासून काही अंतरावर एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाची शिळा, उभी आहे. दिवस मावळत आला होता आणि माझ्या लक्षातही नव्हते की त्या दिवशी अमावास्या आहे. शेतातून परतणारे दोघे जण थांबले. "साहेब, काही हरवलंय का?" असे त्यांनी विचारले. "एक डबा शोधतोय," असे मी सांगताच त्यांतल्या तरुणाचा चेहरा बदलला. "कोणी पुरलाय?" हा त्याचा पुढचा प्रश्न होता.

त्या प्रश्नामागचे कारण नंतर कळले. त्याच वीरगळीशेजारी पूर्वी कोणीतरी रात्री खड्डा खणून ठेवला होता आणि सकाळी तिथे हळद-कुंकू आणि लिंबे सापडली होती. गुप्तधनाच्या नादाने माणसे कोणत्या थराला जातात, हे आपल्याकडच्या खेड्यांना ठाऊक आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला गुप्तधनाच्या नावाने होणाऱ्या अघोरी कृत्यांची दखल घ्यावी लागली, ती उगाच नाही. अमावास्येच्या संध्याकाळी वीरगळीजवळ दगड चाचपणाऱ्या अनोळखी माणसाकडे त्यांनी संशयाने पाहिले, यात त्यांचे काहीच चुकले नाही.

पाहता पाहता पंधरा-वीस माणसे जमली आणि पोलीस पाटील मोटारसायकलवरून आले. मी त्यांना मोबाइलवरचा नकाशा दाखवला, खेळ समजावून सांगितला आणि या खेळात जमीन खणायला सक्त मनाई असते, हेही सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "मग काढा की तो डबा, आमच्यासमोर." त्यानंतर आम्ही सगळेच शोधू लागलो आणि एका शाळकरी मुलाला तो सापडला. आत वही, शिसपेन्सिल, चावीचे कडे आणि एक परदेशी नाणे होते. पाटलांनी वहीतले प्रत्येक नाव मोठ्याने वाचले आणि मग विचारले, "ज्याच्या बांधात ठेवलाय, त्याला विचारलंय का?" डबा ठेवणाऱ्याने विचारलेले नव्हते. बांधाचा मालक गर्दीतच उभा होता आणि त्याला त्याच्याच जमिनीतल्या या वस्तूचा पत्ता नव्हता. त्याने आनंदाने परवानगी दिली, परंतु वीरगळीपासून डबा दूर न्यावा, अशी अट घातली. ती अट योग्यच होती. डबा ठेवणाऱ्याला मी सर्व कळवले आणि डबा आता गावातल्या पारापाशी आहे, वर मराठीत चिठ्ठी चिकटवून.

पंचवटीतून

माझा अनुभव गोदाघाटावरचा आहे. एका डब्यापर्यंत पोहोचण्यासाठी घाटावरच्या निरनिराळ्या ठिकाणी पायऱ्या, कमानी, दीपमाळेवरचे दिवे मोजून त्यांतून अंक काढायचे होते आणि त्या अंकांतून पुढचे स्थान मिळणार होते. पहिले ठिकाण दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून अवघे नाशिक पुराचा अंदाज घेते, हे आपणा सर्वांना माहीत आहे. मी गेले तेव्हा पाणी उतरलेले होते, पण घाटावर गाळ होता आणि हातात कागद घेऊन पायऱ्या मोजत मी त्याच त्या जागी फिरत होते.

रामकुंडाजवळ बसलेले एक वृद्ध गुरुजी माझ्याकडे बराच वेळ पाहत असावेत. रामकुंडावर लोक अस्थिविसर्जनासाठी येतात, त्यामुळे एकटी, गोंधळलेली बाई दिसली की काय वाटणार? त्यांनी जवळ बोलावून हळू आवाजात विचारले, "ताई, कोणाचं काही करायचंय का?" मी नाही म्हटले आणि संकोचत खेळाबद्दल सांगितले: एक डबा असतो, त्यात वही असते, येणारा प्रत्येक जण तीत नाव, गाव आणि तारीख लिहितो. ते लक्षपूर्वक ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "तुमचं मूळ गाव कोणतं? आडनाव काय?"

आमचे मूळ गाव खानदेशात आहे. ते म्हणाले, त्या गावाचे तीर्थोपाध्याय, म्हणजे तिथल्या यात्रेकरूंच्या नोंदी ठेवणारे पुरोहित, आम्ही नाही, चला दाखवतो. ते मला दोन गल्ल्या पलीकडच्या एका वाड्यात घेऊन गेले. तिथल्या गुरुजींनी कापडात बांधलेली लांबट वही सोडली, गावाचे पान काढले आणि आमच्या घराण्याची नोंद शोधली. सर्वांत जुनी नोंद मोडी लिपीत होती आणि ती त्यांनी वाचून दाखवली: माझ्या पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, बरोबर आलेल्या भावांची नावे आणि यात्रेला आल्याचे वर्ष. खाली पणजोबांनी स्वतः केलेली सही होती. आमच्या घरात त्यांचे छायाचित्र नाही, हस्ताक्षर नाही, काहीही नाही. माझ्या वडिलांनाही त्यांच्या आजोबांच्या भावांची नावे ठाऊक नव्हती. ती मला त्या वाड्यात कळली.

गुरुजींनी माझ्याकडूनही नोंद लिहून घेतली. माझे नाव, मुलांची नावे, तारीख. घाटावरचा डबा मला त्या दिवशी शोधायचा राहिला. पुढच्या आठवड्यात वडिलांना घेऊन गेले, ते त्या वाड्यात.

निफाड तालुक्यातून

थोडक्यात लिहितो. कालव्याच्या कडेला, उसाला लागून असलेल्या पाइपाजवळचा डबा शोधत असताना पंपाच्या खोलीतून एका शेतकऱ्याने जोरात हाक मारली आणि खोलीत येऊन बसायला सांगितले. कारण विचारले, तर त्याने ओल्या मातीतले ठसे दाखवले. बिबट्याची मादी पिल्लांसह त्याच उसात होती. आमच्या भागात बिबट्या उसातच वाढतो, तिथेच पिल्ले देतो, आणि तोडणीच्या हंगामात उघडा पडतो. उसाच्या बांधावर डबे ठेवू नयेत, आणि आधीच ठेवलेले असतील तर निदान दुपारीच शोधावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

सिन्नरहून

माझे आयुष्य जमीन मोजण्याच्या नोकरीत गेले आणि निवृत्तीनंतर नातवामुळे मी या खेळात आलो. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली पांडवलेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याची. लेणी संरक्षित स्मारक असल्यामुळे तिथे डबा ठेवता येत नाही, तो खालच्या वाटेवर होता. नातवाच्या मोबाइलवरचा बाण एकदा आम्हाला झाडीत नेई, एकदा चाळीस पावले मागे, आणि एकदा तर कड्याच्या आत. मुलगा घाबरून म्हणाला, "आजोबा, इथे काहीतरी आहे." तिथे होता तो फक्त कातळ. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचे संकेत आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला, यावरून यंत्र अंतर काढते. उभ्या कड्याने अर्धे आकाश झाकले की मोजके उपग्रह उरतात आणि त्यांचेही काही संकेत कातळावर आपटून, लांबच्या वाटेने येतात. यंत्राला ती वाट सरळच वाटते आणि जागा सरकते. अशा वेळी कड्यापासून दूर, मोकळ्यावर जावे, तिथून दिशा आणि अंतर घ्यावे आणि उरलेले पावलांनी मोजावे. डबा तसाच सापडला. जुन्या नाशकातल्या अरुंद बोळांतही हाच प्रकार होतो.

दुसरी गोष्ट आमच्याच तालुक्यातल्या एका टेकडीची. कोणीतरी जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे सर्वेक्षणाच्या नकाशावरून, काढलेले अक्षांश-रेखांश कोड्यात दिले होते आणि ते जसेच्या तसे मोबाइलमध्ये भरणारे सगळे रिकाम्या हाताने परतत होते. जुने नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या तेव्हा मानलेल्या आकारावर, बेतलेले आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ हा वेगळा आकार वापरते. दोन्हींत तेच आकडे वेगळी जागा दाखवतात. मी रूपांतर केले आणि टेकडीच्या माथ्यावर पोहोचलो. गवत बाजूला केले, तर कातळात कोरलेले वर्तुळ आणि त्याच्या मध्यावर बिंदू. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची खूण.

१८०२ मध्ये मद्रासजवळ सर्वेक्षक लॅम्बटन यांनी पायारेषा, म्हणजे मोजणीची पहिली आधाररेषा, मोजून सुरू केलेल्या कामाची साखळी साऱ्या देशावर पसरली, आणि अशा खुणांवर थिओडोलाइट हे कोन मोजण्याचे यंत्र उभे करून माणसांनी डोंगरामागून डोंगर जोडले. नोकरीत असताना अशा खुणांचे आकडे मी कागदावर असंख्य वेळा वापरले होते, पण एखाद्या खुणेवर हात ठेवण्याचा योग कधी आला नव्हता. गुराख्याने सांगितले की गावात त्याला मोजणीचा दगड म्हणतात आणि त्यावर कोणी बसत नाही. डबा तिथून वीस पावलांवर होता. ठेवणाऱ्याने खुणेला धक्का लावला नव्हता, याचे मला फार समाधान वाटले.

गंगापूर रस्त्यावरून

अंजनेरीच्या पठारावर मी भूवैज्ञानिक प्रकारच्या कॅशसाठी गेलो होतो. या प्रकारात डबा नसतोच. खडकाचे निरीक्षण करून प्रश्नांची उत्तरे पाठवायची असतात. सह्याद्रीच्या बेसाल्टचे थर पाहत गवतात बसलो असताना वनरक्षक आले आणि त्यांनी मला तातडीने, पण सौम्यपणे, उठायला सांगितले. माझ्या बुटांपासून हातभर अंतरावर कंदीलपुष्पाचे एक रोप होते. सेरोपेजिया अंजनेरिका ही ती जात. २००६ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले आणि तिला नावच या डोंगरावरून मिळाले आहे. जगात ती फार थोड्या जागी उरली आहे.

मी छायाचित्र काढायला मोबाइल उचलला, तेव्हा त्यांनी विचारले, "यात ठिकाण नोंदलं जातं ना?" ते खरेच होते. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात अक्षांश-रेखांश आपोआप साठवले जातात, आणि दुर्मीळ वनस्पती उपटून नेणाऱ्यांना त्याहून सोपा पत्ता कोणता? मी ती सोय बंद केली आणि मगच छायाचित्र काढले. नेमके स्थान जाहीर करणे हा ज्या खेळाचा प्राण आहे, त्याच खेळासाठी गेलो असताना एक स्थान कायमचे गुप्त ठेवण्याचा शब्द मी देऊन आलो, आणि तो पाळतो आहे.

देवळालीहून

आमच्याकडे लष्कराचा परिसर असल्यामुळे बेवारस वस्तूंकडे सर्वांचेच लक्ष असते. परदेशांत दारूगोळ्याच्या जुन्या हिरव्या पेट्या कॅशसाठी आवडीने वापरतात, त्या पाण्यात टिकतात हे खरे. पण तशीच एक पेटी कोणीतरी आमच्या बाजूच्या एका पुलाखाली ठेवली. फिरायला येणाऱ्या एका आजींनी ती पाहिली, रस्ता थांबवला गेला आणि दुपारभर लोक खोळंबले. मी वेळेवर तिथे पोहोचलो म्हणून पेटीत काय आहे ते सांगू शकलो, नाहीतर ती उडवून देण्याची तयारी झाली होती. ज्या जवानांनी पेटी उघडली, त्यांतल्या एकाने वही चाळून विचारले, "मी सही केली तर चालेल?" त्याची सही त्या पानावर आहे. पेटी मात्र त्याच दिवशी काढून टाकली.

धागाकर्त्याकडून

देवळालीच्या प्रतिसादावरून एक विनंती. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे लाखो भाविक येतील आणि घाट, पूल, बसस्थानके, पार्किंगच्या जागा यांची वारंवार तपासणी होईल. अशा ठिकाणी ज्यांचे डबे आहेत, त्यांनी ते आधीच उचलून कॅश तात्पुरती बंद असल्याची नोंद करावी. इतरत्र ठेवायचे असल्यास पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्यावा, बाहेरून मराठीत हा काय प्रकार आहे ते दोन ओळींत लिहावे, संपर्काचा क्रमांक द्यावा आणि जमिनीच्या मालकाला विचारावे. मराठी चिठ्ठीचा मजकूर कोणाला हवा असल्यास मी लिहून पाठवीन. येवला, बागलाण आणि इगतपुरीकडच्या मंडळींचे अनुभव अजून आलेले नाहीत. ते अवश्य यावेत.