'व्हॅलिडेशन'ला मराठीत काय म्हणाल?

भाषांतरवाली: बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी (भावना सावरणं फार अवघड जातं असा मानसिक विकार) असलेल्यांच्या घरच्यांसाठी डीबीटीचं, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीचं, पत्रक मराठीत करतेय, 'व्हॅलिडेशन'वर गाडी अडलीये. 'वैधता' लिहिलं तर कोथरूडच्या एका काकूंनी विचारलं, जात वैधता प्रमाणपत्रासारखं का? मला 'तुला असं वाटणं साहजिक आहे' एवढंच हवंय, 'तुझंच बरोबर' नकोय.

शुद्धमती: 'प्रमाणीकरण' आहे की. हाताशी शब्द असताना कशाला शोधाशोध.

भाषांतरवाली: मुलगी रात्री दोनला रडतेय आणि आईने तिचं प्रमाणीकरण करायचं??

नदीपलीकडचा: 'दुजोरा' घ्या. दुजा + जोर, दुसऱ्याने लावलेला जोर, असं माझं आपलं मत. आणि बॉर्डरलाइनचं 'सीमावर्ती' करू नका, लोकांना बेळगाव आठवेल.

पेठी: व्युत्पत्ती तुमच्याजवळच ठेवा :) दुजोरा बातमीला देतात, रडण्याला नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहानबाईंनी डीबीटी काढली (1993 चं त्यांचं पुस्तक आहे) ती याचसाठी, की नुसतं 'विचार बदला, वागणं बदला' म्हटलं की या पेशंटांना ते 'म्हणजे मीच चुकीची' असं लागायचं, आणि नुसतं गोंजारलं तर काही हलायचं नाही, म्हणून दोन्ही एकदम, डायलेक्टिकल म्हणतात ते हेच. व्हॅलिडेशनच्या त्यांनी सहा पायऱ्या सांगितल्यात, पहिली फक्त लक्ष देऊन ऐकणं.

जुन्नरी: मग 'हुंकार'! आजी गोष्ट सांगायची तेव्हा आम्ही हं हं करायचो, जरा थांबलो की म्हणायची, हुंकार द्या नाहीतर गोष्ट बंद.

शुद्धमती: संस्कृतात हुंकार म्हणजे दरडावणी. पेशंटच्या आईने खरंच हुंकार दिला तर?

जुन्नरी: आमच्या आजीला कुठे संस्कृत येत होतं, तिला हं हवं असायचं.

नदीपलीकडचा: आमच्याकडे 'हुंकारा', शेवटी आ.

शुद्धमती: तो हिंदीचा परिणाम.

नदीपलीकडचा: झालं, आता आमची आजीपण हिंदी.

भाषांतरवाली: अहो पण पुढच्या पायऱ्यांवर न बोललेलं ओळखायचं असतं, मागे काय सोसलंय त्यावरून आजचं वाटणं समजून घ्यायचं असतं, तिथे नुसतं हं कसं पुरेल? सोमवारी छापायला द्यायचंय. 'भावनेची दखल' लिहिलंय सध्या, पण दखल म्हटलं की पोलीस चौकी वाटते.

पेठी: चालेल की. 'री ओढणं' होऊ देऊ नका म्हणजे झालं.

जुन्नरी: ही री कुठली हो, गाण्यातली का?