मदत हवी आहे : लायसन्सच्या टेस्टमध्ये वळणाआधी मोटारसायकल लेनमध्ये नेमकी कुठे ठेवायची?

नमस्कार मंडळी,

मोटारसायकलच्या लायसन्सची रस्त्यावरची टेस्ट मागच्या आठवड्यात दिली आणि नापास झाले. तीन आठवड्यांनी पुन्हा आहे. क्लच-गियर जमतात, आठचा आकडा पाय न टेकवता काढला होता. अडलं ते साध्या रस्त्यावरच्या दोन वळणांत.

पहिलं उजवं वळण. मी लेनच्या अगदी डाव्या कडेने चालले होते, कारण सायकल चालवतानापासून तीच सवय आहे. चौक साधारण पंधरा मीटरवर आला तेव्हा इंडिकेटर दिला, आरसा बघितला, आरशात कोणी नव्हतं, म्हणून गाडी सरळ मध्यरेषेकडे घेतली. त्याच क्षणी उजव्या कानाशी हॉर्न वाजला. एक कार माझ्या शेजारून पुढे जात होती आणि मला ती दिसलेलीच नव्हती. तिने ब्रेक मारला म्हणून निभावलं. तो हॉर्न अजून कानातून जात नाही. परीक्षकांचा शेरा : "वळणाआधी जागा चुकीची, मागे न बघता सरकली."

दुसरं डावं वळण. वळले व्यवस्थित, पण वळल्यावर गाडी फेकल्यासारखी नव्या रस्त्याच्या मध्यरेषेपर्यंत गेली.

शिकवणारे म्हणतात, "डावीकडे राहा, बाकी विचार करू नका." माझा भाऊ म्हणतो, लेनच्या मधोमध चालव. दोघांपैकी कोणाचं ऐकू? आणि उजवीकडे वळताना सरकायला सुरुवात नक्की कधी करायची? आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचाच विचार करून सांगा, उलट वाहतुकीचे व्हिडिओ बघून गोंधळ वाढलाय.

*

प्रतिसाद :

ताई, नापास झालात याचं वाईट वाटून घेऊ नका. त्या हॉर्नने जे शिकवलं ते आयुष्यभर पुरेल.

एका लेनचे मनात तीन पट्टे करा : डावा, मधला, उजवा. कारची चाकं डाव्या आणि उजव्या पट्ट्यावरून जातात. मधल्या पट्ट्यावर त्यांच्या इंजिनातून गळलेलं तेल पडतं, आणि जिथे गाड्या थांबतात तिथे जास्त. सिग्नलच्या थांबरेषेपाशी पुढच्या वेळी नीट बघा, मधोमध काळपट चकचकीत डाग दिसेल. पावसाच्या पहिल्या सरीनंतर तिथे पाय टेकवला तरी सटकतो. म्हणून भावाचा सल्ला सिग्नलपाशी तरी मानू नका.

अगदी डाव्या कडेला खडी, गटाराची झाकणं, उभ्या गाड्यांचे अचानक उघडणारे दरवाजे. शिवाय तुम्ही कडेला गेलात की मागच्याला वाटतं, हिने जागा दिली, आणि तो त्याच लेनमधून शेजारी घुसतो. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

सरळ जाताना मी बहुतेक वेळ उजव्या चाकाच्या पट्ट्यावर असतो. पुढच्या कारच्या चालकाला उजव्या आरशात दिसतो, आणि मागच्याला कळतं की ही लेन भरलेली आहे. पण जागा गोंदाने चिकटवायची नसते. समोरून ट्रक आला की थोडं डावीकडे, डाव्या गल्लीतून कोणी तोंड काढलं की थोडं उजवीकडे.

आता उजवं वळण. ताशी ३० किलोमीटरने गाडी सेकंदाला आठ मीटरपेक्षा जास्त जाते. पंधरा मीटर म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाहीत! तेवढ्यात आरसा, इंडिकेटर, सरकणं आणि ब्रेक बसणारच नाही. पन्नास-साठ मीटर आधी सुरुवात करा, सहा-सात सेकंद हाताशी येतात. आधी आरसा, मग इंडिकेटर, मग उजव्या खांद्यावरून मान वळवून मागे बघा, आणि मोकळं असेल तरच मध्यरेषेच्या आतल्या बाजूला या. रेषेवर नाही, रेषेच्या आत. वेग तिथे आल्यावर कमी करा. आरशात कार दिसली नाही कारण ती तुमच्या अगदी शेजारी पोचली होती, आणि तेवढा कोपरा आरशात येतच नाही. म्हणून मान वळवायची. हनुवटी खांद्यापर्यंत आली पाहिजे, नुसते डोळे फिरवले तर परीक्षकांनाही कळत नाही आणि तुम्हालाही दिसत नाही.

समोरून वाहनं येत असतील तर थांबा, पण पुढचं चाक सरळ ठेवून. आधीच उजवीकडे वळवून ठेवलंत आणि मागून कोणी धडकलं, तर थेट समोरच्या वाहतुकीत ढकलल्या जाल. वळताना कोपरा कापू नका, नव्या रस्त्याच्या डाव्या बाजूलाच शिरायचं आहे.

*

प्रतिसाद :

वरच्यांशी बहुतांशी सहमत. पण शिकवणाऱ्यांचं "डावीकडे राहा" अगदीच चूक नाही. त्याचा अर्थ रस्त्याच्या डाव्या भागात राहा, गटाराच्या कडेला नव्हे. एकाच दिशेला दोन लेन असतील तर डावी धरा, आणि त्या लेनमध्ये ऐसपैस चाला. उजवीकडे वळायचं असेल तर मात्र आधी उजव्या लेनमध्ये जा, एका दमात दोन्ही लेन ओलांडू नका.

डाव्या वळणात गाडी बाहेर जाते याची कारणं साधारण दोन : वेग वळणाच्या आत जाऊन कमी करणं, आणि नजर समोरच्या मध्यरेषेवर खिळणं. जिथे बघाल तिथे गाडी जाते. वळणाच्या आधीच ब्रेक आणि गियर उरकून घ्या, कडेपासून साधारण एक मीटर अंतर ठेवा, वळण्यापूर्वी उजवीकडे झोल घेऊ नका, आणि चाक वळायच्या आधी मान नव्या रस्त्याकडे वळवा.

*

धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. मोकळ्या रस्त्यावर चार दिवस सराव केला. पन्नास मीटरवरच्या एका खांबाची खूण धरली आणि उजवं वळण खरंच शांतपणे होतंय. मान वळवताना पहिल्यांदा हँडलही त्याच बाजूला वळायचं, आता खांदे सैल ठेवले की वळत नाही.

पण काल एक प्रकार झाला. डावीकडे वळताना गाडी जवळजवळ चालण्याच्या वेगात होती, एक कुत्रा आडवा आला, मी पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे आडवी. क्लचच्या लिव्हरचं टोक वाकलं, घोट्याला खरचटलं. एवढ्या कमी वेगात कशी पडले?

*

प्रतिसाद :

घोटा जपा, सुजला तर दाखवून घ्या.

कमी वेग होता म्हणूनच पडलात. वेगात गाडीला स्वतःचा तोल असतो, चालण्याच्या वेगात तो तुम्हालाच सांभाळावा लागतो. त्यात हँडल वळलेलं असताना पुढचं चाक एकदम अडलं की सगळं वजन वळलेल्या बाजूला कलंडतं. सरळ रेषेत जोरात थांबायचं तर पुढचा ब्रेक हवाच, कारण ब्रेक लावला की भार पुढच्या चाकावर येतो. पण वळलेल्या हँडलने हळू जाताना पुढच्या ब्रेकवरची बोटं काढा. अर्धा क्लच, रेस थोडी आणि एकसारखी, आणि मागचा ब्रेक हलकासा दाबलेला. गाडी दोरीने ओढल्यासारखी स्थिर चालते. याचा वीस मिनिटं सराव केलात तरी फरक जाणवेल. थांबताना डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर.

आणि वळण झाल्यावर इंडिकेटर बंद केलात का? बहुतेक मोटारसायकलींचा तो आपोआप बंद होत नाही. डावा इंडिकेटर चालू राहिला तर पुढच्या गल्लीतला माणूस तुम्ही वळताय समजून बाहेर येतो.

*

धागाकर्ती :

इंडिकेटर! सरावात तीनदा चालू राहिला होता, भावाने मागून ओरडून सांगितलं. आता वळून सरळ झाले की डावा अंगठा बटणावर दाबतेच, चालू असो वा नसो. लिव्हर उद्या बदलून घेते आणि मागच्या ब्रेकचा सराव परवापासून. एकच विचारायचं राहिलं : मान वळवून मागे बघितल्यावर शेजारी गाडी दिसलीच आणि चौक तर जवळ आला, तर काय करायचं?

*

प्रतिसाद :

सरळ पुढे जायचं, ताई. पुढच्या चौकातून वळा. रस्ता चुकल्याबद्दल सहसा नापास करत नाहीत, शेजारच्या गाडीसमोर सरकल्याबद्दल करतात.