मदत हवी आहे: आधार नाही म्हणून शाळा लेकराचं नाव घेईना

बीड जिल्ह्यातून लिहितोय. भाचीला पहिलीत घालायचंय, शाळा म्हणायलीय आधार आणा मगच नाव घेऊ. आता आधार आणू कुठून, लेकरू ऊसतोडीच्या फडावर जन्मलं, जन्मदाखलाच नाही अन् आधार केंद्रवाले दाखल्याशिवाय पुढं सरकंनात. दाखल्यासाठी तहसीलला अर्ज टाकलाय पण त्याला वेळ लागणार, शाळा तर सुरू झाली.

सुप्रीम कोर्टानं 26 सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात शाळा प्रवेशाला आधारची सक्ती करता येणार नाही असं सांगितलंय, आरटीईचं (शिक्षण हक्क कायद्याचं) कलम 14 पण म्हणतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नका. दोन्हीच्या प्रिंट हेडसरांना दाखवल्या. ते म्हणाले बरोबर आहे, पण संचमान्यतेला (पोरांच्या संख्येवरून शाळेला शिक्षक किती ते ठरवतात त्याला) आधारवालीच पोरं धरतात, आमचा शिक्षक कमी होईल. त्यांची अडचण खरीच आहे हो, पण त्यात लेकराचा काय दोष?

वकील परवडत नाही, अन् गावात दुसरी शाळा नाही म्हणून भांडणही नकोय. तर आधी शाळेकडून नकार लेखी घ्यावा का थेट गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज द्यावा, आणि कुणी असा प्रवेश करून घेतला असेल तर अर्जात नेमकं काय लिहिलं होतं?