प्राचीन काळी कराचं ओझं खरंच हलकं होतं का?

धागाकर्ता: राजाला सहावा हिस्सा दिला की शेतकरी मोकळा. २० मण (४० शेरांचा मण) ज्वारी पिकली तर ३ मण १३ शेर गेली, बाकी घरात. आज शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही हे मान्य, पण खतावर ५ टक्के जीएसटी आहेच. शेतमाल करमाफ, शेतकऱ्याची नोंदणी नाही, त्यामुळे हा कर त्याला विक्रीवरच्या करातून वळता करून घेता येत नाही. थेट उत्पादनखर्चात बसतो. मला जुनी पद्धत जास्त न्याय्य वाटते.

प्रतिसाद १: सहाव्या हिश्शावर भागत नव्हतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाण्याचा हिस्सा वेगळा सांगितलाय, तोही स्वतः बांधलेल्या बांधाच्या पाण्यावर: हातानं काढलं तर पाचवा, खांद्यावरून वाहिलं तर चौथा, यंत्रानं उचललं तर तिसरा! वर विष्टी, म्हणजे वेठबिगार. पेरणीच्या दिवसांत माणूस वेठीला गेला तर वाफसा (पेरणीजोगी ओल) निघून जातो. हे नुकसान कुठल्याच हिश्शात मोजलेलं नाही. इ. स. १५० च्या सुमारास क्षत्रप राजा रुद्रदामनानं गुजरातेतल्या गिरनारच्या शिलालेखात मुद्दाम कोरून ठेवलंय, की सुदर्शन तलावाची दुरुस्ती कर, विष्टी आणि प्रणय (अडचणीच्या वेळची जादा वसुली) यांनी प्रजेला न पिडता केली. एरवी काय चालायचं, ते यावरून ओळखा.

धागाकर्ता: तरी हिस्सा पिकावर होता. ६ मणच पिकली तर १ मण द्यायचा. खतावरचा कर पाऊस दगा देण्याआधीच भरलेला असतो. शिवाय गाव स्वयंपूर्ण होतं, रोख लागतच नव्हती.

प्रतिसाद २: पिकाप्रमाणे हिस्सा, हा मुद्दा बिनतोड आहे. स्वयंपूर्णतेचं मात्र पटत नाही. देशावर समुद्राचं मीठ कोकणातून घाट चढूनच यायचं. नाशिकच्या लेण्यांत सातवाहनांनी भिक्षूंना शेत दिल्याचा लेख आहे. त्यात सवलती कोरल्यात: राजाची माणसं शेतात शिरणार नाहीत, मिठासाठी खणणार नाहीत. शेजारच्या शेतकऱ्याला ही सूट नव्हती. रोखीचं म्हणाल, तर तिथेच उषवदाताचा (क्षत्रप नहपानाच्या जावयाचा) लेख वाचा. विणकरांच्या श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) २००० कार्षापणांची (तेव्हाच्या नाण्यांची) ठेव, दरमहा शेकडा १ व्याज. वर्षाचे २४० झाले, त्यातून २० भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२. भिक्षूच्या कपड्यालाही रोकडा लागत होता.

धागाकर्ता: मीठ आणि रोख, दोन्ही मान्य. खताचं मात्र सोडत नाही. निर्यातदाराला जीएसटीत शून्य दर आहे: विक्रीवर कर नाही आणि खरेदीवर भरलेला परत मिळतो. शेतमाल नुसता करमाफ ठेवलाय, म्हणून परतावा नाही. खताच्या पावतीवर शेतकऱ्यालाही तो द्या.